हाडाच्या बॉबिनवरचे नाव आणि साल कसे वाचावे

प्रश्न असा आहे : इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळच्या जुन्या बाजारातून लेस विणायच्या तीन बॉबिन घेतल्या. दोन हाडाच्या आहेत. एकीवर ‘मेरी ॲन १८३८’ आहे, दुसरीवर ‘विल्यम वर्स्ली हंग १८६८’, म्हणजे फाशी दिलेला. तिसरी लाकडी, तिच्यावर फक्त ‘केझाया’ असे नाव कोरले आहे. सालावर विश्वास ठेवावा का? आणि जिच्यावर सालच नाही, तिचा काळ नावावरून व अक्षरांवरून ठरवता येतो का?

ठरवता येतो, पण क्रम पाळावा लागतो. आधी अक्षरे, मग नाव, आणि साल सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण साल आधी वाचतात, ते मनात धरतात आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाने बसवत जातात. चुकीचे काळ बहुतेक याच घाईतून लागतात.

आपल्याकडे विणकर जिला कांडी म्हणतात, बॉबिन ही तिचीच लांबची बहीण. लेसवाली भरगच्च उशीवर नक्षीचा कागद टाचते, दर धाग्याच्या टोकाला एक बॉबिन बांधते आणि बॉबिनच्या जोड्या एकमेकींवरून टाकत, पिळत, टाचण्यांच्या आधाराने जाळी उभी करते. साध्या पट्टीला दोन-तीन डझन बॉबिन पुरतात, रुंद कामाला शेकडो लागतात. इतक्या गर्दीत आपली बॉबिन ओळखू यावी आणि भेट म्हणून द्यायला ती छोटी, स्वस्त वस्तू असावी, म्हणून तिच्यावर नावे आली. ही नावांची रीत बेडफर्डशर, बकिंगहॅमशर आणि नॉर्दॅम्प्टनशर या परगण्यांच्या पट्ट्यातली. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसची बॉबिन गुळगुळीत, टोकदार आणि बिनमण्यांची असते, कारण ती विणताना बारीक फासातून ओढून घ्यावी लागते. तुमच्या तिन्ही बॉबिनना शेपटाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, तारेत ओवलेल्या मण्यांचे कडे असेल किंवा ते अडकवायचे भोक तरी असेल, म्हणजे त्या याच पट्ट्यातल्या. या कड्याला ‘स्पँगल’ म्हणतात. त्याने वजन येते, धागा ताणलेला राहतो आणि बॉबिन उशीवरून घरंगळत नाही.

आता वाचण्याची तयारी. बॉबिन काळ्या मखमलीच्या तुकड्यावर आडवी ठेवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा बाजूने अगदी खालच्या पातळीवर, उजेड जवळजवळ आडवा पडेल असा लावा. रंग उडालेली टिंबे या प्रकाशात छोट्या खड्ड्यांसारखी उठून दिसतात; वरून पडलेल्या उजेडात ती हरवतात. दहापट भिंग घ्या. दर वेळी ४५ अंश फिरवून आठ फोटो काढा आणि ते एकाखाली एक लावून मजकूर उलगडा. हाडाच्या बॉबिनवर शिसपेन्सिलने ठसा घेऊ नका. काळी पूड हाडाच्या सूक्ष्म नळ्यांत बसते, ती पुन्हा निघत नाही.

मजकूर दोन पद्धतींनी लिहिलेला सापडतो. लाकडावर, विशेषतः जुन्या बॉबिनवर, अक्षरे चाकूच्या टोकाने सरळ कोरलेली असतात. हाडावर बहुतेक वेळा बारीक गिरमिटाने टिंबे पाडून त्यांची अक्षरे केलेली असतात, आणि टिंबांत लाल, निळा, काळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. टिंबांचा मजकूर दांड्यावर उभ्या रांगेत येतो किंवा नागमोडी वेटोळ्याने वर चढतो. वेटोळे का, याचे उत्तर मापात आहे. दांडा ६० मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर जाड धरा. उभ्या रांगेत तीन-चार मिलिमीटरचे एक अक्षर धरले तर पंधरा ते वीस अक्षरे मावतात. परीघ मात्र सुमारे १७ मिलिमीटर भरतो. वेटोळ्याच्या दोन फेऱ्यांत चार मिलिमीटर अंतर ठेवले तर पंधरा फेऱ्या, म्हणजे २५० मिलिमीटरची ओळ मिळते. म्हणून एकटे नाव उभे लिहिता येते, पण ‘आय लाइक माय चॉइस टू वेल टू चेंज’ एवढे लांब वाक्य लिहायला वेटोळे सोयीचे. केवळ वेटोळ्यावरून काळ सांगू नका. त्यावरून मजकूर किती लांब होता एवढेच कळते.

काळ सांगतो तो कारागिराचा हात. प्रत्येक कारागिराच्या काही सवयी असतात आणि त्या तो आयुष्यभर सोडत नाही. पुढच्या गोष्टी नोंदवा : मजकूर डोक्याकडून सुरू होतो की शेपटाकडून, अक्षराच्या उभ्या काठीत किती टिंबे आहेत, टिंब किती मोठे, किती खोल, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आहे की टिंबांची चौकट, रंग शब्दाशब्दाला बदलतो की अक्षराअक्षराला, वेटोळ्याच्या बाजूने वेगळी रेघ आहे का, मजकुराच्या वर-खाली लेथवर किती वळी काढली आहेत, आणि डोके व शेपूट कसे उतरवले आहे. अक्षरांइतकेच शेपटाकडे लक्ष द्या. लेथवर टोक संपवताना कातारी विचार न करता हात फिरवतो, म्हणून तिथे त्याची सही असते. ज्यांची नावे सापडली नाहीत अशा कारागिरांना अभ्यासकांनी या खुणांवरूनच नावे दिली आहेत. त्यांतला एक बोथट टोकामुळे ‘ब्लंट एंड मॅन’ म्हणून ओळखला जातो.

नावे माहीत असलेल्यांत नॉर्दॅम्प्टनशरमधल्या डीन्सहँगर गावचे जेसी कॉम्प्टन आणि त्यांचा मुलगा जेम्स, क्रॅनफील्डचे ‘बॉबिन ब्राउन’ म्हणून प्रसिद्ध असलेले विल्यम ब्राउन, आणि बेडफर्डचे आर्चिबाल्ड ॲबट व रॉबर्ट हॅस्किन्स ही प्रमुख. ही मंडळी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात काम करत होती. बॉबिन एखाद्या कारागिराच्या हातची ठरली, की त्याच्या कामाची वर्षे हीच तिची खरी चौकट. वडील आणि मुलगा यांचा हात वेगळा काढताना मात्र सावध राहा. मुलगा वडिलांच्याच लेथवर शिकतो, त्यामुळे सुरुवातीच्या कामात घराण्याची ढब एकच दिसते. जुळणी फोटोवरून पक्की होत नाही. ओळख पटलेल्या बॉबिनशेजारी आपली ठेवून पाहावी. बेडफर्डचे द हिगिन्स, लूटनचे वॉर्डाउन हाउस आणि ऑल्नीचे काउपर अँड न्यूटन म्युझियम या ठिकाणी लेसचे संग्रह आहेत. मिल्टन कीन्सहून ही तिन्ही गावे फार दूर नाहीत. जाण्याआधी लिहून वेळ मागा, कारण मांडलेल्या वस्तूंपेक्षा पेट्यांत ठेवलेल्या जास्त असतात.

अक्षरांच्या घडणीवरून ढोबळ काळ सुचतो, पण तो फार ताणू नका. ‘जे’च्या जागी ‘आय’ लिहायची सवय अठराव्या शतकातल्या थडग्यांवर आणि मुलींच्या भरतकामाच्या नमुन्यांवर सर्रास दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडत जाते. लाकडी बॉबिनवर ‘आय’पासून सुरू होणारा जॉन दिसला तर ती जुन्या काळाकडे झुकते. उलटा ‘एन’ किंवा उलटा ‘एस’ मात्र कुठल्याही दशकात भेटतो, कारण तो अक्षरओळख कच्ची असल्याचे लक्षण आहे. स्पेलिंगचेही तसेच. सुझॅनामधला एक ‘एन’ गळणे किंवा एलिझाबेथमध्ये भलताच स्वर येणे यावरून काळ कळत नाही, पण कारागीर कळू शकतो : एकच चूक चार बॉबिनवर त्याच टिंबांत सापडली, तर ती एका हाताची खूण.

टिंबांचे आकडे वाचताना सगळ्यांत मोठा धोका इंग्रजी तीन आणि आठ यांचा. दोन्हींची उजवी बाजू सारखीच असते. डावीकडच्या दोन-तीन टिंबांतला रंग पडला, की आठाचा तीन होतो. तिसऱ्या आकड्यात ही चूक झाली तर १८८८ची बॉबिन १८३८ची होऊन बसते, म्हणजे एकदम पन्नास वर्षे जुनी. म्हणून आकड्याच्या डाव्या कडेला आडव्या उजेडात रिकामे खड्डे शोधा. रंग नाही म्हणजे टिंब नाही असे समजू नका. एक आणि सात यांचीही अशीच गल्लत होते, तिथे वरची आडवी टिंबे तपासा.

नावांकडे वळू. मेरी, ॲन, सारा, एलिझाबेथ, जेन, जॉन, विल्यम, थॉमस, जॉर्ज : ही नावे दोन शतके अखंड चालत आली, त्यांनी काळ लागत नाही. उपयोग होतो तो एखाद्या घटनेनंतर गावोगाव पसरलेल्या नावांचा. ॲडलेड हे १८३० नंतरचे, कारण त्या वर्षी चौथा विल्यम गादीवर आला आणि ॲडलेड राणी झाली. आल्बर्ट हे नाव १८४०च्या राजविवाहानंतर साध्या घरांत शिरले. आल्मा १८५४च्या आल्मा नदीवरच्या लढाईनंतर पसरले. फ्लॉरेन्स हे मुलीचे नाव म्हणून रुजले ते क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घरोघरी पोचल्यावर. अलेक्झांड्रा हे १८६३ नंतरचे. या नावांच्या बॉबिनला ‘याच्या आधीची नसावी’ अशी खालची मर्यादा मिळते. त्यात माणसाचे वय मिळवा. १८५५ साली जन्मलेल्या फ्लॉरेन्सला बॉबिन मिळाली असेल ती पाचव्या-सहाव्या वर्षी लेसशाळेत बसल्यावर किंवा विशीत कुणीतरी प्रेमाने दिल्यावर. म्हणजे १८६० ते १८८०.

दुहेरी नावांचेही एक गणित आहे. कष्टकरी घरांत अठराव्या शतकात एकच नाव ठेवायची रीत होती. मेरी ॲन, सारा ॲन अशी जोडनावे एकोणिसाव्या शतकात वाढली. आणि या भागात बॅप्टिस्ट व इतर स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांचा जोर मोठा. अशाच मंडळीचे धर्मोपदेशक आणि ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे लेखक जॉन बन्यन यांचा हा मुलूख. त्यामुळे बायबलच्या जुन्या करारातली केझाया, जबेझ, केरेनहॅपुक अशी दुर्मीळ नावेही खेड्यांत सापडतात. ती काळ सांगत नाहीत, पण माणूस शोधायला मेरीपेक्षा शंभरपट उपयोगी. एका गावात मेरी ढिगाने, केझाया एखादीच.

पुरुषाचे नाव दिसले म्हणून ती पुरुषाची बॉबिन समजू नका. प्रियकर, भाऊ, वडील, मुलगा, कुणाचेही नाव बाई आपल्या उशीवर बाळगत असे. तशीच नुसत्या नावावरून ही देणाऱ्याची की घेणाऱ्याची हेही कळत नाही. ‘डिअर’, ‘माय डिअर’, ‘लव्ह’ असे शब्द सोबत असतील तरच दिशा मिळते.

आडनाव असेल तर कागदपत्रे काढा. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. त्या वह्यांत बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची असेलच असे नाही. बॅप्टिस्ट घरांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही, म्हणून एखादे कुटुंब गावच्या चर्चच्या वहीत मुळीच नसले तरी गोंधळू नका. १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, तेव्हा २९ वर्षांची बाई तिथे २५ची दिसते. १८५१ पासून वय अधिक नेमके आणि जन्मगावही मिळते. व्यवसायाच्या रकान्यात ‘लेस मेकर’ आहे का पाहा. नसला तरी नाउमेद होऊ नका, बायकांचे काम तिथे अनेकदा लिहिलेच जात नसे.

मग साल. बॉबिनवरचे साल हे घटनेचे साल असते. जन्म, लग्न, मृत्यू, प्रेमाची भेट, निवडणूक, फाशी. ‘बॉर्न’, ‘मॅरिड’, ‘डाइड’ यांपैकी शब्द असेल तर अर्थ पक्का, पण बनवल्याचे साल तरीही पक्के होत नाही. आईच्या मृत्यूची बॉबिन मुलीने दहा वर्षांनी करवून घेतली असेल, आणि ‘बॉर्न’ लिहिलेली तर बहुतेक वेळा ते मूल उशीपाशी बसू लागल्यावर झालेली असते. म्हणून साल नेहमी ‘याच्या आधीची नाही’ असेच वाचावे. वरची मर्यादा धंद्याच्या इतिहासातून येते. फ्रान्सशी युद्ध चालू असताना परदेशी लेस बंद झाली आणि हा धंदा भरभराटीला आला. १८१५ नंतर उतरला. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात माल्टा बेटावरची माल्टी लेस गाजल्यावर बेडफर्डशरने तिचा घाट उचलून पुन्हा काही काळ तग धरला. यंत्राची लेस आणि १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर रिकाम्या होत गेलेल्या लेसशाळा यांनी तो संपवत आणला. नावे लिहिलेल्या हाडाच्या बॉबिनचा भर १८३० ते १८७० या चाळीस वर्षांतला आहे. १८८८ अशक्य नाही, पण तिथे दुसरा पुरावा मागावा. १७६० असे लिहिलेली हाडाची बॉबिन दिसली तर आकडे पुन्हा मोजा.

फाशीच्या बॉबिन ही या पट्ट्याची खास गोष्ट. बेडफर्डच्या तुरुंगापुढे फाशी बघायला गर्दी जमत असे आणि त्या दिवसाची आठवण म्हणून बॉबिन निघत. लिली बंधू १८२९, सारा डेझली १८४३, जोसेफ कॅसल १८६०, विल्यम वर्स्ली १८६८, विल्यम बुल १८७१ ही नावे बेडफर्डची. १८६४चा फ्रान्झ म्युलर लंडनच्या न्यूगेटचा, रेल्वेच्या डब्यातल्या खुनाचा. वर्स्लीची फाशी ३१ मार्च १८६८ची. बेडफर्डमधली ती शेवटची जाहीर फाशी, कारण त्याच वर्षी मे महिन्यात कायद्याने अशा फाशा बंद झाल्या. प्रसंगासाठी काढलेली वस्तू प्रसंगाच्या आसपासच खपते, म्हणून इतर सालांपेक्षा इथे बनवल्याचा काळ घटनेला अधिक चिकटून असतो. पण याच कारणाने संग्राहक तिला जास्त किंमत देतात, आणि म्हणूनच नकला होतात.

नकला दोन जातींच्या. पहिली साधी : नवी हाडाची बॉबिन, जुन्या मजकुराची आठवणवस्तू म्हणून केलेली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लेसकाम पुन्हा सुरू झाले. ब्रिटनमधले लेस गिल्ड १९७६चे. त्यानंतर चांगले कारागीर प्रामाणिकपणे अशा बॉबिन करत आले आहेत. त्यांचे हाड पांढरेशुभ्र, टिंबे यंत्राच्या गिरमिटाने एकसारखी, रंग टिंबाच्या काठावर किंचित फुगलेला. डोक्यावर किंवा शेपटावर कारागिराची आद्याक्षरे असतील तर तीही पाहा. दुसरी जात त्रासदायक : बॉबिन खरी जुनी आणि कोरी, मजकूर मागून घातलेला. इथे झिजेकडे बघा. वापरलेल्या बॉबिनवर बोटे जिथे पडतात तो दांड्याचा मधला भाग गुळगुळीत आणि मधासारखा पिवळसर होतो. खऱ्या मजकुराची टिंबे तिथे काठाने गोलसर आणि उथळ होतात, टोकांकडे ती अधिक धारदार राहतात. मागून पाडलेली टिंबे सगळीकडे सारखी धारदार असतात, त्यांच्या काठाशी पिवळ्या पृष्ठाखालचे पांढरे हाड दिसते. जुनी बारीक चीर असेल तर रंग चिरेत पसरला आहे का तेही पाहा. आधी चीर आणि मग रंग, असा तो क्रम होतो, म्हणजे मजकूर मागून घातलेला. आणि मजकूर लेथच्या वळ्यांवरून आडवातिडवा गेला असेल तर शंका घ्या. लिहायची बॉबिन कातारी आधीच मोकळी जागा सोडून उतरवत असे.

हाड खरे आहे का याची खात्री भिंगाने होते. उभ्या दिशेला बारीक काळपट रेघा आणि टोकाला सूक्ष्म छिद्रे दिसली तर ते हाड. प्लास्टिकला हे काहीच नसते, हस्तिदंताला टोकाच्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघा असतात. तापलेली सुई टोचून बघायचा जुना उपाय करू नका, कायमचा डाग राहतो.

मण्यांवरून काळ ठरवायचा मोह आवरा. चपट्या बाजूंवर कानशीचे वण असलेले हाती बनवलेले चौकोनी मणी जुने असतात हे खरे, आणि बहुतेक कड्यांत सात किंवा नऊ मणी सापडतात. पण तार तुटते, मणी दुसऱ्या बॉबिनवर जातात, आई मुलीला तिच्या आवडीचे बटण ओवून देते. कडे फक्त कड्याचा काळ सांगते. शेपटाचे भोक मात्र उपयोगी : तारेच्या वर्षानुवर्षे घासण्याने ते एका बाजूला लांबट झालेले असते.

तुमच्या तिघींबद्दल, लिहून दिले आहे तेवढ्यावरून. मेरी ॲनच्या सालातला तिसरा आकडा आधी तपासा. तो तीनच निघाला तर बॉबिन १८३८ नंतरची, आणि वेटोळे व रंगांची अदलाबदल एखाद्या ओळखीच्या हाताशी जुळली तर तिची चौकट पंधरा-वीस वर्षांपर्यंत आणता येईल. आडनावाशिवाय ही मेरी ॲन कोण हे शोधायला जाऊ नका. त्या पट्ट्यात अशा शेकडो होत्या. वर्स्लीची बॉबिन झीज आणि टिंबांचे काठ पाहिल्याशिवाय खरी धरू नका, नोंदीत तोपर्यंत ‘मजकूर १८६८, काळ अनिश्चित’ एवढेच लिहा. केझाया ही तिघींत सर्वांत जुनी असू शकते. कोरीव अक्षरांच्या खोबणीत मळ दाट बसलेला असेल, दांडा कॅलिपरने दोन दिशांना मोजल्यावर लंबगोल भरत असेल (लाकूड आडव्या दिशेने सुकून आकसते) आणि मानेवर धाग्याने पाडलेल्या बारीक रेषा असतील, तर अठराव्या शतकाची अखेर ते १८३० असा पट्टा मी देईन. विकणाऱ्याला ती कुठल्या गावच्या घरातून मिळाली हे आजच विचारून ठेवा. गाव कळले तर केझाया सापडायची शक्यता खरोखर आहे.

तोवर पाणी, साबण, ब्लीच, तेल यांपैकी काही लावू नका. टिंबांतला रंग ओलाव्याने सुटतो आणि त्याबरोबर वाचण्याजोगा पुरावा जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तुटकी तार आणि सुटलेले मणी वेगळ्या पाकिटात बॉबिनबरोबर ठेवा, आणि प्यूटरची (कथिलाच्या मिश्रधातूची) पट्टी किंवा ठिपके बसवलेली बॉबिन पुढे कधी मिळाली तर तिला घासून चमकवू नका; तो मऊ धातू आधीच भुसभुशीत झालेला असतो आणि पॉलिशच्या कापडाबरोबर निघून येतो.